आमच्या घरातला निअँडरथल

मी माझ्या सासऱ्यांना आदिमानव म्हणालो नाही. हे मी आजवर झाडून सगळ्या नातेवाइकांना सांगितलंय. विश्वास एकाचाही बसलेला नाही.

आमची मुक्ता एकवीस वर्षांची. ती ऑटिस्टिक आहे, असं गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिला हायसं वाटलं. ("म्हणजे मी विक्षिप्त नाही बाबा, मी अशीच आहे!") मला मात्र कारण हवं होतं. कारखान्यात सुपरवायझर आहे मी. काहीही झालं की 'कोणाच्या शिफ्टला झालं?' हे आधी विचारतो!

एका रविवारी मोबाईलवर वाचलं, की ऑटिझमच्या काही लक्षणांचा संबंध निअँडरथल मानवाकडून आलेल्या जनुकांशी असू शकतो. निअँडरथल म्हणजे हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेली माणसं. झालं! जेवता जेवता मी बायकोला म्हणालो,

"सुनंदा, हे तुमच्याकडून आलं असणार."

"कशावरून?"

"आबांना बघ ना! लग्नात डीजे लागला की कानात बोटं घालून निघून जातात. आमटी भाजीला लागली की ताट सरकवतात. कान्हे स्टेशनात कुठली गाडी किती उशिरा आली, तोंडपाठ! सगळं मुक्तासारखं."

"म्हणजे माझे वडील आदिमानव?"

"मी निअँडरथल म्हणालो!"

"तेच ते!"

"तेच ते नाही," मुक्ता ताटातून मान वर न करता म्हणाली. "आणि बाबा, लेखात 'असू शकतो' असं आहे. शिवाय तो अंश थोडाथोडा बहुतेक सगळ्यांत असतो. तुमच्यातसुद्धा."

"तू जेव!" मी म्हणालो. (हुशार माणसाने इथे स्वतः जेवायला घेतलं असतं.)

सुनंदाने पिशवी भरली आणि लोणावळ्याहून दुपारची लोकल पकडून थेट माहेरी, कान्ह्याला गेली. संध्याकाळी मेव्हण्याचा फोन. "दाजी, आबांना माकड म्हणालात?" मग मेव्हणीचा. "भाऊजी, अख्ख्या खानदानाची तपासणी करणार म्हणे!" शेवटी कामशेतहून सुनंदाच्या आत्याबाई. "जावयबापू, रगत घ्यायला गाडी कवा येनार? उपाशीपोटी थांबायचं का च्या चालंल?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी मुक्ताला घेऊन कान्हे गाठलं. आबा ओट्यावर भाताचं बी निवडत बसले होते. सुनंदा दारात, हाताची घडी घालून. शेजारीपाजारी 'सहज' जमलेले!

"या पाव्हणं," आबा म्हणाले. "ह्ये निअँडर का कोन, कुटं ऱ्हात्यात?"

"आता नाहीत आबा. संपले."

"आन् मी त्यातला?"

मी वाकून चपला काढू लागलो. तेवढ्यात मुक्ता त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

"आबा, ते दगडाची हत्यारं बनवायचे. आजारी माणसाला सांभाळायचे."

"म्हंजे हुशार व्हते?"

"हो."

आबांची पाठ ताठ झाली. "आन् तुजं बी डीजेनं डोस्कं ठनकतं?"

"खूप. पोटातसुद्धा कसंतरी होतं."

"व्हय, पोटात! आजवर कुनाला पटलं न्हाई माजं."

दोघं मिळून बी निवडत राहिले. माझ्याशी मुक्ता कधी इतकी निवांत बसलेली आठवत नाही. दारात सुनंदा पदराने डोळे टिपत होती.

"पोर माज्यावर गेली!" आबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं.

"अजून सिद्ध झालेलं नाही, आबा," मुक्ता म्हणाली.

"त्ये डाक्टर लोक बगतील. आपल्याला कळलं, बास!"

मला राहवेना. "आबा, माझंही काहीतरी असेलच की तिच्यात!"

"मुक्ते, बापाकडनं काय आलं गं तुला?"

मुक्ता विचार केल्याशिवाय उत्तर देत नाही आणि कोणाला बरं वाटावं म्हणून तर कधीच देत नाही. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चांगला मिनिटभर विचार केला. मी सदरा नीट केला.

"आडनाव," ती म्हणाली.