हात न लावायचं स्टँड

मी जालन्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे, आठवी ते दहावीला. पोरांना माझा धाक होता आणि मला त्या धाकाचा अभिमान होता. कुणी चुकीचं उत्तर द्यायला लागलं की मी वाक्य पुरं करू द्यायचे नाही. "कळलं, बस खाली," म्हणून मोकळी व्हायचे. ही सवय सुट्टीत माझ्यासोबत माहेरीही यायची.

माहेर घनसावंगीकडचं. फाट्यावर उतरून अर्धा तास चालायचं. घरात माझे वडील आणि माय, दोघंच. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. कापूस, थोडा ऊस, आणि बोलणं अगदी बेताचं. मायला दमा होता. डॉक्टरांनी वाफेचं मशीन दिलं होतं, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं मास्क लावून वाफ घ्यायची आणि दम लागला की मधेही घ्यायची. मशीन विजेवर चालायचं, आणि त्या वर्षांत वीज कधी येईल, कधी जाईल हे सांगू शकणारा माणूस आमच्या गावात नव्हता.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी पोहोचले तेव्हा भर दुपार होती. आत गेले आणि हातातली पिशवी गळूनच पडली. माय भिंतीला टेकून बसलेली, ओठ निळसर, प्रत्येक श्वासाला मान वर उचलली जात होती. आबा तिच्या पुढ्यात उकिडवे बसलेले. एका हाताने त्यांनी मास्क तिच्या तोंडावर धरला होता आणि दुसऱ्या हाताने मशीनचं बटण दाबत होते. चालू, बंद, चालू, बंद. लाईट नव्हती.

"आबा, लाईट न्हाई ना!" मी ओरडले.

"येईल म्हणून बघून राह्यलो," ते म्हणाले. बोट बटणावरून काढलं नाही.

लाईट अर्ध्या तासाने आली. तो अर्धा तास मी मायची पाठ चोळत काढला. श्वास कसा चालतो हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. तो बंद पडायला आला की घरात कसला आवाज होतो, हे मला माहीतच नव्हतं. त्याच दिवशी मी ठरवलं, या घरात सोलर बसवायचं.

जालन्याहून दोन प्लेटा आणल्या, बॅटरी आणली, इन्व्हर्टर आणला. तयार स्टँड दुकानात होतं, पण ते स्लॅबवर ठोकायचं. आमचं घर धाब्याचं, वर नुसती माती. तिथं एक खिळा ठोकला तर पावसाळ्यात चुलीवर धार लागली असती. म्हणून स्टँड जमिनीवर, अंगणात, आणि घरीच बनवलेलं. शिवाय मला हलतं स्टँड हवं होतं. सूर्य उन्हाळ्यात डोक्यावर असतो, थंडीत दक्षिणेला कलतो. प्लेटही त्याच्याबरोबर कलली पाहिजे. मग मी मागच्या पायांना लोखंडी पट्ट्या घेतल्या, प्रत्येक पट्टीला तीन भोकं. बोल्ट ज्या भोकात घालाल तेवढी प्लेट उभी राहणार. कोन मोजायला शाळेतला फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक एसटीने नेला. कंडक्टरने त्या अर्ध्या चकतीकडं बघून विचारलं, "मॅडम, याचं अर्धंच तिकीट फाडू का?" सगळी बस हसली. मीही हसले, कारण मी फार खुशीत होते.

घनसावंगीत वेल्डिंगच्या दुकानात स्टँड तयार झालं. प्रत्येक भोकाशेजारी मी ऑइलपेंटने नावं लिहिली: उन्हाळा, दिवाळी, संक्रांत. बोल्ट कधी कुठं घालायचा ते आबांना तीनदा समजावलं. ते मान हलवत राहिले.

जागाही मीच ठरवली. ओट्यासमोर दहा पावलांवर, म्हणजे वायर कमी लागेल. त्याच्या पुढं, अंगणाच्या दक्षिण टोकाला, आबांचा कडूलिंब होता. घराच्या दुप्पट उंच. दुपारचं जेवण झालं की त्यांची बाज तिथं पडायची, पाहुणे तिथं बसायचे, बैल तिथं. एकदा तारेला लागतात म्हणून वीजवाले त्याच्या फांद्या छाटायला आले, तर एरवी तोंडातून शब्द न काढणारे आबा बुंध्याला पाठ लावून उभे राहिले. "तार सरकवा," म्हणाले. शेवटी तारच सरकली. ही गोष्ट गावात कुणीही हसत हसत सांगायचं.

मी काही आंधळेपणाने जागा निवडली नव्हती. भर बारा वाजता अंगणात उभी राहिले होते. लिंबाची सावली त्याच्या बुंध्याभोवती गोळा झालेली आणि माझ्या जागेवर लख्ख ऊन.

स्टँडचे पाय आम्ही चार दगडांवर ठेवले. प्लेटांचं तोंड दक्षिणेला केलं तसे शेजारचे म्हातारे काका कुंपणापलीकडून बोलले, "दक्षिणेला तोंड करून दिवा लावत न्हाईत गं. यमाची दिशा ती." मी त्यांना पृथ्वीचा आस ऐकवला. काका घरात निघून गेले. आबा मात्र तिथंच उभे होते, एकदा लिंबाकडं, एकदा प्लेटांकडं बघत.

"बाई, हितंच ठेवायचं का? थंडीत मंग..."

"थंडीत सूर्य खाली येतो, माहितेय मला. त्यासाठीच तर तिसरं भोक आहे!"

आबांनी वाकून पायाखालचा एक दगड सरळ केला. मला वाटलं, कळलं त्यांना.

उन्हाळा, पावसाळा मशीन बिनतक्रार चाललं. शेजारच्या फोनवर माय सांगायची, "बराबर चालतंय माय, बिलकुल तरास न्हाई." शाळेत मी बाकीच्या शिक्षकांना त्या स्टँडचं एवढं वर्णन करायचे की लोक चहा संपवून उठायला लागले.

दिवाळीत गेले, तर स्टँड जागेवर नव्हतं.

मी ओट्यावर थांबले ती थांबलेच. कुणीतरी ते उचलून पार अंगणाच्या कडेला, गोठ्याच्या भिंतीशी नेलं होतं. आणि प्लेटांचं तोंड पूर्वेला. चक्क पूर्वेला! म्हणजे दुपारनंतर त्यांच्यावर उन्हाचा एक किरण धड पडणार नाही. मला क्षणभर खरंच कळेना की मी बघतेय काय. मग काकांचं बोलणं आठवलं आणि डोकं सणकलं. माझ्या बापाने, ज्यांना मी शहाणं समजत होते, यमाला घाबरून प्लेटा फिरवल्या होत्या!

दुसऱ्या दिवशी सकाळीच गवंड्याला बोलावलं. नऊच्या सुमाराला स्टँड परत जुन्या जागी, तोंड दक्षिणेला, बोल्ट दिवाळीच्या भोकात. तिथं तेव्हा छान कोवळं ऊन होतं. चार खड्डे खणले, पाय खड्ड्यांत उभे केले आणि वर सिमेंट, खडी ओतून पक्कं केलं. आबा बाजूला उभे होते.

"बाई, मी काय म्हणतो, तिथं..."

"काही म्हणू नका," मी म्हणाले. गवंडी घमेलं हातात धरून ऐकत होता, त्याचंही मला भान राहिलं नाही. "दिशा-बिशा सगळं थोतांड आहे. तिचा श्वास महत्त्वाचा की तुमचा यम? सांगितलेला बोल्ट तेवढा बदला. बाकी या स्टँडला पुन्हा कुणी हात लावला, तर मी या घरात पाऊल टाकणार नाही. सांगून ठेवते."

आबांनी मान हलवली. अकराच्या बसने मी सासरी निघून गेले. बसमध्ये मला बरं वाटत होतं.

संक्रांतीला तिळगुळाचा डबा घेऊन फाट्यावर उतरले, तेव्हा बारा वाजायला आले होते. गावच्या वळणावर आले की आधी लिंब दिसतो, मग घर. त्या दिवशी एकदम घरच दिसलं. मी तशीच चालत राहिले. अंगणात शिरले आणि डोळे बारीक करावे लागले, इतकं ऊन. या अंगणात एवढं ऊन मी जन्मात बघितलं नव्हतं.

दक्षिणेच्या टोकाला गुडघ्याएवढा बुंधा होता. कापलेला भाग अजून तांबूस. त्यावर हळद-कुंकू वाळलेलं.

मी तिथंच उभी राहिले. काय झालं ते कुणी सांगायच्या आधी मला कळलं. डोक्यात सगळं मोजून झालं, मी थांबवू शकले नाही. घराच्या दुप्पट झाड. संक्रांतीला दुपारी सावली जवळजवळ झाडाएवढी लांब. आठवीच्या पोरांना मैदानात काठी रोवून मी हीच सावली महिन्या-महिन्याला मोजायला लावायचे. ती थेट माझ्या स्टँडवर पडत असणार, अकरा ते दोन, नेमकं ऊन जोरात असतं तेव्हा. आबांनी दिवाळीच्या आधी स्टँड हलवलं ते यमासाठी नाही, सावली चुकवायला. पूर्वेला का, तर गोठ्याच्या त्या कोपऱ्यात सकाळचं ऊन तेवढं मिळत होतं. सकाळ तर सकाळ.

माय ओट्यावर बसली होती. चेहरा बरा होता. मला बघून उठायला लागली, तर मी तिला बसवलं आणि तिच्यापाशीच बसले.

"कधी?" मी विचारलं.

"मार्गशीर्षात," माय म्हणाली. "बॅटरीच भरंना गेल्ती. एका सकाळी मला लई दम लागला. लाईट न्हाई, मशीन दोन मिनिटं चालली अन् बसली. जीपनं घनसावंगीला नेलं, दोन दिस सलाइनवर व्हते."

"मला कळवलं का नाही?"

"तुझी शाळा बुडल म्हणून आबा नको म्हणले. घरी आलो तवा दिवसभर हितं वट्यावर बसून सावली बघत व्हते, कुठून कुठं जाती ते. दुसऱ्या दिशी कुऱ्हाड घेतली. आधी पाया पडले त्याच्या. मी म्हणलं, अवो, सिमेट फोडा, ते सोपंय. तर ऐकंनात."

"मला दिवाळीत नीट सांगायचं तरी ना गं!"

"सांगाया गेल्ते की. तू कुठं बोलू दिलं? मला म्हणले, गवंड्यासमोर लेकीला खोटं कसं पाडू, मास्तरीण हाये ती."

मला तिच्याकडं बघवेना. मी उठून स्टँडपाशी गेले. प्लेटा पुसून लख्ख केलेल्या होत्या. दोन्ही बोल्ट अगदी बरोबर तिसऱ्या भोकात होते, माझ्या हाताने लिहिलेल्या 'संक्रांत' या शब्दाशेजारी. पुढं, जिथं बाज असायची, तिथं बाजेच्या चार पायांच्या खुणा होत्या आणि त्यावर ऊन.

आबा शेतातून आले. डोक्याचं मुंडासं सोडत त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हसले, मी आल्यावर नेहमी हसायचे तसेच. मला वाटलं होतं, ते रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"आबा," मी म्हणाले, "सिमेंट फोडायचं होतं ना हो. पहारीचे चार घाव. झाड कशाला तोडलं? तुमचं झाड..."

"तू म्हणल्तीस ना," आबा म्हणाले, "स्टँडला हात लावला तर घरात पाय टाकणार न्हाई. झाडाचं काई म्हणली नव्हतीस."

ते दोन पावलं पुढं आले. त्यांचा चेहरा थोडा काळजीत पडल्यासारखा झाला आणि त्यांनी पट्टीकडं बोट दाखवलं, जरा लांबूनच.

"बोल्ट तेवढे खोलले बाई, तिसऱ्या भोकात घातले. तूच सांगितल्तं म्हणून. त्याला हात लावला असं धरत न्हाईत ना?"

मी मान हलवून नाही म्हणाले. तेव्हा कुठं ते ओट्यावर टेकले आणि मायकडं पाणी मागितलं.