पालखी सोडून स्कुबाला निघालेल्यांना

आंबीच्या मंडळींनो, आज दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून हितं गावच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहितोय.

मी अंदमानला स्कुबाच्या बोटीवर कामाला आहे. लय दिवसांनी सुट्टी मिळाली, ती पण नेमकी गावच्या यात्रेला. पालखी उचलायचा मान आमच्या आळीचा. मागल्या साली मी आलो न्हाई, तर आळीतलाच संत्या म्हणला, "गाव विसरला रं तू!"

आज सुट्टीचं सांगायला त्यालाच फोन केला. तर म्हणतो, "आरं, यात्रेलाच तर आळीतली आमी तिघं तुझ्याकडं येतोय. तिकिटं काढली. सुट्टी रद्द कर, आमाला पाण्याखाली कोण नेणार?"

"आणि पालखी?"

"देव काय पळून जातोय व्हय?"

मासे पण पळून जात न्हाईत, संत्या. वर्षभर तितंच असतात. तुला यात्राच सापडली?

या तुमी. गॉगल लावून फोटो काढा. बोटीवर मी नसणार. मी पालखीखाली असणार. अन् दुसऱ्या आळीची पोरं बोलवायची येळ आली, तर मान कुणी घालवला ते देवळापुढं नावं घेऊन सांगणार.

बाकीच्यांनो, आळीतलं कोण कोण गावात आहे? तीन खांदे पायजेत.