डब्यातला मोह
परवा चामोर्शीच्या बाजारात मोहफुलांचा वास आला आणि मला माझा डबा आठवला. तेव्हा मी जंगलातल्या एका गावात दुसरीला शिकवत होतो. डोळे मिटून वस्तू हुंगायची आणि तिच्याबद्दल एक वाक्य बोलायचं, असा खेळ मी काढला होता. सगळा खटाटोप एका मुलीसाठी, जी वर्षभर वर्गात एक शब्द बोलली नव्हती. माझी हुशारी अशी, की ओली मोहफुलं तीन दिवस बंद डब्यात ठेवली. तिच्या नाकाशी डबा उघडला तर दारूच्या भट्टीसारखा भपकारा सुटला, आणि नेमके शाळा तपासायला आलेले केंद्रप्रमुख साहेब दारात. "काऊन गुर्जी, वर्गातच चालू करून राह्यले का?" म्हणत त्यांनी शेरेबुक मागितलं. जिल्हा दारूबंदीचा, शेरा पडला तर नोकरीवरच यायचं. तेवढ्यात डोळे मिटलेलेच ठेवून ती मुलगी म्हणाली, "गुर्जी पेत नाई जी. आमाले हुंगाले आणलं." साहेबांनी पेन खिशात ठेवलं, डबा हातात घेतला आणि स्वतःच डोळे मिटले. तिचं ते वर्गातलं पहिलं वाक्य. परवाही बाजारात ओंजळभर मोह नाकाशी नेला, पण त्याआधी मागे कोणी साहेब उभे नाहीत ना, हे बघून घेतलं.