कोनती पलटन?

आर्णीच्या बसस्टँडामागं एका मिस्त्रीचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. कापसाचे भाव पडले त्या वर्षांत आम्ही बरेच माजी सैनिक जिनिंग कारखान्यांवर पहारेकरी झालो, आणि ड्युटी संपली की त्याच्याकडं टेकायचो. तोही फौजेतलाच. नवा फौजी दिसला की हातातला पाना खाली न ठेवता विचारायचा, "कोनती पलटन?" मग तोफा, बर्फ, सरहद्द सुरू. स्वतःचं मात्र सांगत नसे. पलटणीच्या गाड्या त्यानंच सांभाळल्या असणार, हे आम्ही धरून चाललो होतो.

एकदा फुलसावंगीचा एक फौजी मान खाली घालून म्हणाला, "मी लढलो नाई जी. लंगरात रोट्या करत होतो." कोणीतरी हसलं.

त्यानं पाना खाली ठेवला.

"हासून कायले राह्यला बे? मी न्हावी होतो पलटनीत. गाडी त इथं येऊन शिकलो. कर्नलसायबाच्या गयावर रोज वस्तरा चालवला, कधी हात नाई थरथरला माहा."

त्यानं आपलं स्टूल त्या माणसाकडं सरकवलं.

"हं, बस. सांग आता, कोनती पलटन?"

त्या रोट्यावाल्यानं ताठ बसून खणखणीत आवाजात सांगितली. पलीकडच्या पानठेल्यावरची माणसं वळून बघायला लागली.