बांधलेल्या पिशवीतलं हॉटेल

रिसोडच्या आठवडी बाजारात मी ऊन उतरल्याशिवाय पाय ठेवत नाही. सकाळच्या भावानं भाजी घेणारा माणूस मला जरा भोळाच वाटतो. चारनंतर टोमॅटो नरम पडतो, पाचनंतर सांबार, म्हणजे इतर मुलखातली कोथिंबीर, मान टाकतो आणि सहाच्या सुमाराला विकणारेच हाका मारायला लागतात. गंमत म्हणजे त्या हाका मारणाऱ्यांत माझी बायकोही असते. गावाला लागून आमचा दोन एकरांचा मळा आहे. पिकवायचं काम दोघांचं, विकायचं तिचं. मळ्यात होत नाही ते, केळी, आलं, लसूण, मी तिच्यापासून चार पावलांवर उभा राहून पडत्या भावात घेतो. तेव्हा ती मला ओळख देत नाही.

उठायच्या वेळी जे उरतं त्याच्या ती पिशव्या बांधते. थोड्या मिरच्या, दोन काकड्या, कोमेजलेली मेथी, वर पक्की गाठ. कोणतीही घ्या, भाव एकच, पण सोडून बघायची नाही. असं बरेच जण करतात. हिची मात्र एक सवय आहे, प्रत्येक पिशवीत तळाशी एक तरी चांगली वस्तू घालायची. मी एकदा विचारलं, हे कशाला?

"घरी जाऊन पिशवी उलटी करते ना बाई," ती म्हणाली, "शेवटी हाती चांगलं लागलं पायजे."

मला तो शुद्ध तोटा वाटला होता.

तर अशा या बाईनं लग्नाच्या सव्वीस वर्षांत माझ्याकडे एकच चैन मागितली. घराबाहेरच्या रात्री तिनं पुष्कळ काढल्यात. पोहरादेवीच्या यात्रेत भाजी विकायला गेलो तेव्हा टेम्पोच्या आडोशाला, लग्नांत मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये पन्नास बायकांच्या रांगेत. नातेवाइकांकडे गेलो तर सकाळी सगळ्यांच्या आधी हीच ओट्यापाशी उभी.

"मले एक डाव हाटेलात झोपाचं हाय," ती म्हणाली. "सकाळी डोये उघडले की समोर चहा. माह्या हातचा नाही."

यंदा तो योग आला. मुलगी नागपूरला नोकरीला लागली आणि मुलींच्या वसतिगृहात राहायला गेली. तिला भेटायला जायचं तर मुक्काम हॉटेलातच. मी शब्द दिला आणि मुलीनं माझ्या फोनमध्ये हॉटेलांचं ॲप टाकून दिलं.

मग काय, मी मळ्यातली पाण्याची मोटार सुरू करून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसायचो आणि खोल्यांचे भाव बघायचो. हॉटेलची खोली म्हणजे मेथीच की! आज गेली नाही, तर उद्या कालच्या रात्रीला कोण विचारतो? ऐनवेळी भाव पडतो, असं ॲपवरही लिहिलं होतं. एवढं माझ्या मनासारखं लिहिलेलं मी दुसरं काही वाचलेलं नाही.

"बाबा, घेऊन टाका आता," मुलगी फोनवर म्हणायची. "लग्नसराई हाय इकडे."

"तुले बाजार समजत नाही, बेटा," मी म्हणायचो.

आदल्या दिवशी भाव वर गेला. निघायच्या सकाळी आणखी वर. ऐनवेळी भाव चढलेला मी जन्मात पाहिला नव्हता. एसटीत बसलो तोवर माझ्या यादीतल्या तिन्ही हॉटेलांत खोलीच उरली नव्हती.

"झालं काय हाटेलचं?" बायकोनं विचारलं. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती.

"होऊन राह्यलं," मी म्हटलं आणि फोन जरा तिरपा धरला.

कारंज्याला बस थांबली तेव्हा ते दिसलं. एका इमारतीचा धूसर फोटो आणि खाली लिहिलेलं: गुपित हॉटेल, अर्धा भाव, नाव पैसे भरल्यावर कळेल, पैसे परत मिळणार नाहीत. अर्धा भाव हे दोन शब्द वाचल्यावर माझा अंगठा माझ्या ताब्यात राहत नाही. मी पैसे भरले आणि छाती पुढे काढून तिला सांगितलं.

"नाव न पाह्यता?"

"अर्ध्या भावात!"

"म्हंजे बांधलेली पिशवी घेतली तुमी," ती म्हणाली. "बांधलेल्या पिशवीत काय जाते, ते मले इचारा. माह्याच हातानं बांधल्या जातात."

पुढच्या सीटवरचे टोपीवाले काका सगळं ऐकत होते. ते मागे वळले. "वहिनी बराबर बोलून राह्यल्या," असा निकाल देऊन त्यांनी मला एका धर्मशाळेचा पत्ता सांगितला.

ती खिडकीबाहेर बघत बसली. मला भीती वाटायला लागली. पैसे बुडाले असते तर मी आठ दिवस हळहळलो असतो आणि विसरलो असतो. पण ही बाई दुसऱ्यांदा काही मागणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

नागपूरला उतरलो, तर हॉटेल निघालं बसस्टँडमागच्या गल्लीत. खोलीत शिरल्या शिरल्या तिनं माल तपासला. गादीचा कोपरा उचलून खाली पाहिलं, नळ सोडला, टॉवेल नाकाला लावला. मग खिडकी उघडली, तर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत.

"हे एक सडकं निघालं," ती म्हणाली. पण चादर पांढरीशुभ्र होती. ती पलंगाच्या बरोबर मधोमध आडवी झाली, दोन्ही हात पसरून. "मऊ हाय," म्हणाली. माझ्या जिवात जीव आला.

संध्याकाळी मुलगी आली, तिघं बाहेर जेवलो, ती वसतिगृहात परत गेली. वर जाताना मी काउंटरवर ऐटीत सांगितलं, "सकाळी पाचला दोन चहा पाठवा." काउंटरवरच्या माणसानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "तुमच्या भावात चहा नाही, साहेब. आणि स्वयंपाकघर आठला उघडतं. खोलीत किटली आहे, करून घ्या."

करून घ्या! सव्वीस वर्षांत एक सकाळ मागितली आणि तिच्यासाठी मी किटली घेऊन दिली होती.

पहाटे पाचच्या आधीच मला जाग आली. टपऱ्या उघडायला अवकाश होता आणि ती सवयीनं आता उठणारच होती. मी चहा कधी केलेला नव्हता, हे सांगायला आता लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती. किटलीचं बटण सापडायला वेळ लागला. दुधाच्या पावडरीच्या गुठळ्या झाल्या. साखरेच्या पुड्या हातात घेतल्या आणि थांबलो. ती साखर किती घेते? सांबाराचा भाव मला तासातासाचा पाठ, पण हे काही आठवेना. शेवटी दोन्ही पुड्या ओतल्या.

तिनं डोळे उघडले. समोर कप, मागे मी. थोडा वेळ ती बघतच राहिली. मग पडल्या पडल्या एक घोट घेतला.

"साखर कायले टाकली? तीन वर्सं झाले, मले बिनसाखरेचा लागते."

तीन वर्षं. रोज सकाळी समोरासमोर बसून आम्ही चहा पितो. मी दुसरा चहा केला, बिनसाखरेचा, गुठळ्या चमच्यानं दाबून दाबून फोडल्या. ती उठली नाही. भिंतीला उशी लावून, पाय लांब करून तिनं तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि रिकामा कप माझ्या हातात दिला.

"निघालं बाप्पा," ती म्हणाली, "तळाशी एक चांगलं वांगं."

वांगं कोण, ते मी विचारलं नाही. किटलीत पुन्हा पाणी भरलं.