जयवंतीबाईंच्या अंगणवाडीचे गुण

जयवंतीबाईंविषयी नरहरीला खरं म्हणजे फारच थोडं ठाऊक होतं. त्या विक्रमगडकडच्या, सातवी शिकलेल्या, लग्न होऊन मनोरजवळच्या करंजपाड्यात आल्या. नवरा बोईसरला एका कारखान्यात कामाला, शनिवारी घरी यायचा. अंगणवाडी सुरू झाली तेव्हा पाच मुलं होती, बाकीची त्यांनी घरोघर फिरून गोळा केली. एवढंच. चहात साखर किती घेतात, हेसुद्धा त्याला कधी कळलं नाही. दहा-बारा वर्षांत भेटी मोजक्याच, त्याही बहुतेक तालुक्याच्या कचेरीत, सेविकांच्या मासिक सभेत. त्या मागच्या सतरंजीवर बसायच्या, आणि त्या कचेरीतला कारकून असल्यामुळे नरहरीही दाराशी, मागेच.

खरी ओळख झाली ती सत्त्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत. वरून हुकूम आला की अंगणवाड्यांची तुलना करा. जागा, खेळणी, हजेरी, भिंतीवरचे तक्ते, प्रत्येकाला पाच गुण. सगळ्यात खाली येतील त्या दोन बंद करून मुलं शेजारच्या गावात पाठवायची. हिंडणारा अधिकारी रजेवर गेला आणि छापील कागदांचा गठ्ठा नरहरीच्या गळ्यात पडला.

माणूस भिडस्त. समोरचा बोलला की याला तेच खरं वाटायचं, आणि स्वतःच्या डोळ्यांवर तर त्याचा कधीच विश्वास नव्हता. पहिल्या दिवशी बोईसरकडच्या एका अंगणवाडीत त्यानं खेळण्यांच्या संचात एक लाकडी हत्ती पाहिला. सोंड अर्धी मोडलेली. खेळण्यांना चार गुण दिले. दुसऱ्या दिवशी चिंचणीच्या पलीकडे शैलाबाईंच्या अंगणवाडीत तसाच हत्ती होता, आणि त्याचीही सोंड तिथंच मोडलेली. नरहरी विचारात पडला. मग त्यानं स्वतःचीच समजूत घातली, एका कारखान्यातला माल असेल, सगळाच त्या जागी कच्चा निघाला असेल. पुन्हा चार गुण.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पालघरच्या स्टँडवर मनोरच्या गाडीत खिडकीशी मान खाली घालून बसला होता. गाडी हलायच्या बेतात असताना बाहेरून कुणीतरी एक गोणपाटाचं बोचकं गजांमधून आत कोंबलं.

"अहो भाऊ, एवढं धरा! करंजपाड्याच्या फाट्यावर जयवंतीबाई उभी असेल, तिला द्या. तो साहेब पोचायच्या आत मिळालं पाहिजे हो!"

नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नव्हतं. त्यानं धरलं आणि वर पाहिलं. खाली शैलाबाई. गाडी सुटली, आणि त्यांचा हात तोंडावर गेला तो गाडी वळेपर्यंत तिथंच होता.

बोचकं मांडीवर घेऊन नरहरीनं वरूनच चाचपलं. चार पाय, दोन कान, आणि अर्धी सोंड.

फाट्यावर जयवंतीबाई उभ्या होत्या. साहेब म्हणून उतरला तो नरहरी, त्याच्या कडेवर बोचकं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

"साहेब, तुमीच आणलंत व्हय? आमच्यासाठी लई तरास घेतलात!"

"शैलाबाईंनी दिलं," नरहरी कसाबसा म्हणाला. मग धीर करून त्यानं विचारलं, "संच एकच आहे?"

"एकच. सगळ्या बाया मिळून वापरतो. पण आज आमचं उणं लपवाय पाठवलाय, खोटं नाय बोलणार." त्यांचं हसू मावळलं. "साहेब, गुण कमी पडलं तर बंदच करणार ना? शेजारचं गाव व्हाळापलीकडं हाय. तीन वर्साचं पोर पावसाळ्यात पाण्यातनं कसं जाईल?"

नरहरीनं बोचकं दुसऱ्या कडेवर घेतलं. दोघं चालत पाड्यावर आले.

अंगणवाडी म्हणजे चिंधू नावाच्या गावकऱ्याच्या घराची ओटी. भिंतीवर तक्ता नाही. पंचवीसपैकी तेवीस मुलं मात्र हजर, आणि मनोरच्या बाजाराचा खेळ मांडून बसलेली. सागाच्या पानांवर चिंचोके, खडे, पळसाची फुलं. बाई कुणाला पाच चिंचोके मागत, कुणाला सगळ्यांत मोठं पान.

"आता मांडू का खेळणी?" बाईंनी विचारलं. "तुमच्या वळखीचीच हायत."

त्यांनी हत्ती ओटीवर ठेवला. बाजार थांबला. पारू नावाची चार वर्षांची पोर पुढे आली, तिनं हत्ती उलटसुलट पाहिला आणि नरहरीकडे वळली.

"याची सोंड तू मोडलीस?"

"नाही गं," नरहरी घाबरून म्हणाला.

"मंग कुनी?"

तेवीस पोरं त्याच्याकडे बघत होती. "मी आलो तेव्हा मोडलेलीच होती," तो म्हणाला. पारूनं त्याच्या हातावर दोन चिंचोके ठेवले आणि पुन्हा दुकानावर जाऊन बसली.

नरहरीनं कागद गुडघ्यावर घेतला. जागा, एक. तक्ते, शून्य. हजेरी, पाच. खेळण्यांवर पेन्सिल अडली. चार लिहावेत तर खोटं, शून्य लिहावा तर पाड्याची अंगणवाडी गेली. बाई मुलांशी बोलत होत्या, पण कान इकडेच होते.

नोकरीच्या सतरा वर्षांत त्यानं स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहिली नव्हती. आज शेऱ्याच्या जागी लिहिली: "आजवर पाहिलेला खेळण्यांचा संच एकच आहे. सेविका तो आपापसांत फिरवून जपून वापरतात. सबब हा रकाना तुलनेस धरू नये." मग आधीच्या कागदांवरचे चार-चारही खोडले.

कचेरीत नरहरीच्या वरच्या साहेबांनी तो शेरा दोनदा वाचला. "नरहरी, हे तुम्ही लिहिलंत?"

"चुकलं असेल तर..."

"तुम्हाला लिहिता येतं, हे मला माहीत नव्हतं," असं म्हणून साहेबांनी सही केली.

रकाना गळला आणि करंजपाडा शेवटून तिसरा आला. अंगणवाडी वाचली. पुढच्या सभेत जयवंतीबाईंनी काही आभारबिभार मानले नाहीत, सतरंजीवर थोडं सरकून जागा मात्र केली. नरहरी लाजून दाराशीच बसला.

पंचाण्णव साली, नरहरी निवृत्त झाल्यावर, त्या त्याला पालघरच्या स्टँडवर शेवटच्या दिसल्या. केस पिकलेले, पाय गाडीच्या पायरीवर.

"साहेब, बरं हाय ना?"

"हो, हो. मुलं किती आता?"

"एकतीस. पाड्यावरच्या नवशाचा बारका पोर आज तापानं झोपलाय."

"मग आज तीस."

"तीस. येते, साहेब."

"या."