दारावरची तीन रूपं

त्या दिवशी ऊन असं होतं की सकाळी दहालाच राजापेठेतलं डांबर चपलेला चिकटत होतं. कूलरमधलं पाणी संपलेलं, वारा नुसता वाफेसारखा. आणि त्या उन्हात मी शब्द विसरलो.

कोणता शब्द, ते सांगतो. मी एका इंग्रजीच्या क्लासच्या दारावर बसतो. दारावर बसणाऱ्याजवळ किस्से साचतच जातात. लोक बाहेर चपला सोडतात, तशी थोडी भीतीही सोडून जातात. आमच्या सरांचा नियम असा, की रोज एक क्रियापद. त्याचं मूळ रूप, मग भूतकाळाचं, मग तिसरं. तिन्ही माझ्यासमोर म्हणायची, तेव्हाच आत. लागोपाठ तीन दिवस जमलं नाही की नाव कटलं. मी शाळेत गेलेलो नाही. सकाळी सर मला तिन्ही रूपं दोनदा ऐकवतात, ती मी दिवसभर मनात घोळवतो. ऐकणं माझं काम. तोंडातून काढायची हिंमत कधी झाली नव्हती.

तर त्या दिवशीची रूपंच विसरलो. समोर तीस जण रांगेत. पहिली पोरगी म्हणाली, "वॉच, वॉच्ड, वॉचिंग." मी मान हलवली. मागच्यांनी तेच उचललं, मी सगळ्यांना आत सोडलं. थोड्या वेळानं आतून सरांचा आवाज, "हे तिसरं रूप कोणी शिकवलं?"

मी स्टुलावर गार. आत तीस जण होते, एकानंही माझं नाव घेतलं नाही.

*

बाळापूरकडचे एक हवालदार यायचे. चौकात त्यांची शिटी वाजली की गाड्या जागीच थांबत. माझ्यासमोर मात्र टोपी काखेत धरून उभे. एकदा घाम पुसत म्हणाले, "काका, जरा हळू इचारजा. साहेब परवडला, तुमी नाई."

त्यांना काय माहीत, त्यांनी उलटून मलाच रूपं विचारली तर, या धाकानं मी त्यांच्या डोळ्यांत बघत नव्हतो.

*

शेंदूरजनाघाटचे एक संत्र्याचे व्यापारी फोनवर ट्रकवाल्यांना झापतच जिना चढत. शेवटच्या पायरीवर आवाज बसायचा. एक दिवस दारातूनच परत फिरले. दुसऱ्या दिवशी कारण विचारलं, तर म्हणे घरी पाहुणे होते. मग हळूच बोलले, "तुमचं तोंड पाह्यलं का सारं इसरतो मी."

*

शोभा माझ्या शेजारच्या खोलीत राहते. अकोल्याच्या एका दवाखान्यात तिला काउंटरवरची नोकरी मिळणार होती, फक्त क्लासचं सर्टिफिकेट पाहिजे होतं. भांडी घासताना भिंतीपलीकडून तिची रूपं खणखणीत ऐकू यायची. दारावर आली की नुसते ओठ थरथरत. दोन दिवस मी तिला परत पाठवलं. मला घास उतरला नाही.

तिसऱ्या दिवशी ती आली आणि उभीच राहिली. डोळे भरलेले. मी दार उघडलं.

मागे सर उभे होते. "काका, म्हटलं हिनं?"

"म्हटलं."

"काय म्हटलं? ऐकवा बरं."

शोभा भिंतीला चिकटलेली. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "वॉश, वॉश्ड, वॉश्ड."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तिला वाट देऊन ते आत गेले.

संध्याकाळी शोभा नळावर भेटली. बादली भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही. मग खाली बघतच म्हणाली, "काका, उद्या मी म्हनल्याशिवाय मले आत सोडू नोका."